रविवारी रांधा, आठवडाभर खा: फ्रीजरचे प्रयोग (बडोदे)

तुवेरदाणा

इतके दिवस वाचनमात्र होते. आज धागा काढायचं कारण म्हणजे काल फ्रीजरमधून बटाट्याच्या रश्श्याचा डबा काढला, गरम केला, आणि धाकट्यानं पहिला घास तोंडात घालून विचारलं, "आई, यात स्पंज का घातलास?"

सविस्तर सांगते. आम्ही कारेलीबागेत राहतो. घरात पाच माणसं: मी, नवरा, दोन मुलं, सासूबाई. मी मकरपुऱ्याला जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) अकाउंट्सला आहे, सव्वाआठला घर सोडते. मुलांची शाळा सातची. नवऱ्याची शिफ्ट, म्हणजे एक आठवडा पहाटे साडेपाचला डबा हवा आणि पुढच्या आठवड्यात रात्री साडेअकराला "काय आहे गं खायला?" सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे त्यांनी ओट्याशी उभं राहू नये असं मी ठरवलंय. त्यांनी तसं काही ठरवलेलं नाही, हा भाग वेगळा.

तर कुठल्याशा परदेशी बाईचा व्हिडिओ बघून गेल्या रविवारी मी पाच तास ओट्याशी उभी राहिले. छोले, बटाट्याचा रस्सा, वरण, कढी, जिरा राइस, टोमॅटोचं सार, कांदेपोहे आणि चाळीस पोळ्या. एकूण चौदा डबे. संध्याकाळी सगळं एकदम फ्रीजरमध्ये कोंबलं, दार ढकलून लावलं आणि स्वतःवर इतकी खूश झाले की छोल्यांचा फोटो बहिणीला पाठवला.

निकाल असा. सार काचेच्या बरणीत होतं, बरणी तडकली. कढी फाटली. पोह्यांबद्दल बोलायचं नाही. चाळीस पोळ्यांची एक वीट झाली, ती वितळेपर्यंत सगळ्यांनी ब्रेड खाल्ला. वरण ठीक. छोले मात्र, खरं सांगते, ताज्यापेक्षा बरे लागले. आणि सासूबाई दोन दिवस एकच वाक्य बोलतायत: "शिळं ते शिळंच, बर्फात ठेवलं म्हणून काय ताजं होतं?"

काय टिकतं, काय नाही? किती दिवस? आणि सासूबाईंचं काय करू? (शेवटचं हलके घ्या.)

आत्याबाई_वाडीवाल्या

पोहे फ्रीजरमध्ये ठेवणाऱ्या बाईंना साष्टांग दंडवत. :)

अगं, पोहे करायला दहा मिनिटं लागतात. जे दहा मिनिटांत होतं ते गोठवायचंच कशाला? ज्याला तासभर निवडायला, भिजवायला, खवायला, आटवायला लागतो ते गोठव.

शीतपेटी

धागाकर्तीला नाउमेद करायचं नाही, पण झालं ते का झालं हे कळलं तर पुढचे चौदा डबे वाचतील. माझी तीस वर्षं दूध आणि शीतगृहांच्या यंत्रांमागे गेली, म्हणून थोडं लांबण लावतो.

आधी बरणी. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. काठोकाठ भरलेल्या काचेच्या बरणीला फुगायला जागा नसते, मग ती तडकते. पातळ पदार्थ ठेवताना वर दोन बोटं जागा सोडा, आणि काच टाळाच.

आता तुमच्या धाकट्याचा स्पंज. भाजीच्या पेशींमध्ये पाणी असतं. ते सावकाश गोठलं की बर्फाचे मोठे, टोकदार खडे होतात आणि पेशींच्या भिंती फाडतात. वितळलं की पाणी बाहेर येतं आणि मागे उरतो चोथा. बटाट्यात हे सगळ्यात जास्त जाणवतं, काकडी-मुळ्यात तर विचारूच नका. कारखान्यात उणे ३० ते ४० अंशांच्या जोरदार थंड वाऱ्यात मटाराचा दाणा काही मिनिटांत गोठवतात, त्यामुळे खडे बारीक राहतात. आपला घरचा फ्रीजर फार तर उणे १८. त्यात तुम्ही एकाच वेळी चौदा डबे, बहुतेक कोमटच, आत ढकललेत. मग ते रात्रभर एकमेकांना शेकत बसले असणार.

पोहे, साबुदाणा, भात यांची कथा वेगळी. शिजलेला स्टार्च गार झाला की पुन्हा आवळतो, कोरडा आणि कडक होतो. वाफेवर तो बराचसा परत मऊ पडतो, म्हणून भात वाचतो. पोह्यांचा जीव केवढा! कढीतल्या दह्याची प्रथिनं तर बर्फ वितळताच पाण्यापासून फारकत घेतात.

छोले का जमले? कडधान्याचा दाणा घट्ट असतो, रस्सा दाट असतो, आणि मसाला मुरायला वेळ मिळतो. राजमा, चवळी, मसूर, वाटाणा यांना डोळे झाकून ठेवा. सेव-उसळीच्या गावात राहून वाटाण्याच्या उसळीपासून सुरुवात केली नाहीत, याचंच आश्चर्य वाटलं.

आणि एक लक्षात असू द्या. फ्रीजर जंतूंना मारत नाही, झोपवतो. त्यामुळे गोठवायच्या आधीचे तास महत्त्वाचे. जागतिक आरोग्य संघटनेचं साधं सूत्र आहे: ५ ते ६० अंश या पट्ट्यात जंतू झपाट्यानं वाढतात, शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, आणि पुन्हा गरम करताना ते आतपर्यंत ७० च्या वर जायला हवं. आपल्याकडच्या मे महिन्यात तर दोन तासांचीही चैन नको.

तुवेरदाणा

शीतपेटी, धन्यवाद. कोमटच होते, तुम्हाला कसं कळलं! पण मग गार कसं करायचं? पातेलं पंख्याखाली ठेवलं तरी मधे तासन्‌तास गरम राहतं.

मुठियावाली

परात. वरण किंवा उसळ परातीत पसरायची, ती परात गार पाण्याच्या मोठ्या थाळ्यात ठेवायची आणि मधून मधून डाव फिरवायचा. वीस-पंचवीस मिनिटांत हाताला गार लागतं. मग पिशव्यांमध्ये भरून आडवं, वहीसारखं चपटं गोठवायचं. चपटी पिशवी लवकर गोठते, लवकर वितळते, आणि फ्रीजरमध्ये पुस्तकांसारखी उभी रचता येते. डब्यांनी जागा फार खाल्ली जाते. मंगळबाजारातून आणलेले माझे सगळे गोल डबे आता लाडूंच्या कामाला लागलेत.

पण मला मुळात वेगळंच म्हणायचंय. तुवेरदाणाताई, तू पानात वाढायचं ते गोठवलंस. कढईत जायचं ते गोठव.

म्हणजे काय, तर माझ्या फ्रीजरमध्ये "जेवण" फार कमी असतं. कांदा-खोबऱ्याचं भाजून केलेलं वाटण असतं, बर्फाच्या ट्रेमध्ये वड्या गोठवून नंतर पिशवीत सुटं भरलेलं. दोन वड्या म्हणजे चार माणसांची उसळ. कांदा-टोमॅटो तेल सुटेपर्यंत परतून ठेवलेला असतो. मोड आलेली मटकी आणि मूग कच्चेच असतात. चिंचेचा कोळ, आलं-लसूण-मिरचीचं वाटण, खवलेला नारळ असतो. वरण असतं ते फोडणीशिवाय. वितळवायचं आणि जेवायच्या वेळी वर तुपात जिरं-हिंग, कढीपत्ता, लाल मिरची. फोडणीचा चर्रर आवाज झाला की घरात कुणी विचारत नाही वरण कधीचं.

आणि उकडलेले उंडे! अळूवडीचे उंडे, ज्यांना आमच्या सोसायटीत पातरा म्हणतात, दुधीच्या मुठिया, कोथिंबीर वडी. उकडायचे, गार करायचे, अख्खे उंडे गोठवायचे. पाहिजे तेव्हा अर्धवट वितळले की सुरीनं सुंदर चकत्या पडतात, ताज्यापेक्षाही सरळ. मग तव्यावर तीळ-मोहरी. सकाळी सव्वासातला डब्यात मुठिया जातात आणि मला "तू उठतेस तरी किती वाजता?" असं विचारतात. मी खरं सांगत नाही.

हालोल_अपडाउन

एकट्या माणसाचा प्रश्न. मी रोज बडोदं-हालोल अपडाउन करतो, आठला घरी येतो. फ्रिज एका दाराचा, वरचा कप्पा जेमतेम १५ लिटरचा असेल, त्यातही अर्ध्यात बर्फाचा हिमालय. मला फक्त भात आणि पोळ्या येत नाहीत, बाकी जमतं. भात गोठवला तर फावेल का?

शीतपेटी

फावेल. भाताबद्दल मात्र कडक राहा. तांदळात एका जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते जागे होतात आणि विष तयार करतात, ते विष नंतर गरम करूनही जात नाही. म्हणून भात झाला की लगेच ताटात पसरा, गार होताच एका वेळचा एक असे गोळे करून फ्रीजरमध्ये. खाताना थोडं पाणी शिंपडून झाकणाखाली वाफ आणा. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात सकाळी गोठवणं म्हणजे चोराला घरात घेऊन कडी लावणं.

आणि तो हिमालय आधी उतरवा. बर्फाचा थर अर्ध्या सेंटिमीटरच्या वर गेला की फ्रिज नुसताच धावतो, गारवा डब्यापर्यंत पोहोचत नाही. सुरीनं खरवडू नका, माझ्या एका सहकाऱ्यानं तसं करून नळीला भोक पाडलं होतं. बंद करून आत गरम पाण्याचं पातेलं ठेवा.

हालोल_अपडाउन

सुरी हातात घेतली होती. परत ठेवली.

दोन_फुलके

पोळ्यांबद्दल माझं ऐका. पूर्ण भाजलेली पोळी गोठवली की कडा कागदासारख्या होतात. दोन्ही बाजूंनी अर्धवट शेका, डाग पडायच्या आधी काढा, पूर्ण गार करा, दोन पोळ्यांमध्ये बटर पेपर घाला, दहा-दहाचे गठ्ठे घट्ट पिशवीत बांधा. काढली की थेट तापलेल्या तव्यावर. फुगते सुद्धा. थेपले तर पूर्ण भाजलेलेच छान राहतात, त्यांच्यात तेल असतं.

पण आता जरा विरोधी सूर लावते. हे सगळं ठीक, पण मला मनापासून पटत नाही. आईच्या घरी दांडिया बाजारात दोन वेळा चूल पेटायची, दोन वेळा ताजं. उरलं तर गाईला. आपण सोयीसाठी मुलांना थंडगार अन्नाची सवय लावतोय का? धागाकर्तीच्या सासूबाई अगदीच चुकीचं बोलत नाहीत.

आत्याबाई_वाडीवाल्या

दोन वेळा ताजं, बरोबर. आणि करत कोण होतं? तुझी आई, काकू, आजी आणि वाड्यातली एखादी विधवा आत्या. चार बायकांच्या दोन वेळा म्हणजे आठ हात. इथे हात दोन, तेही साडेसातला घरी येणारे.

शिवाय बडोद्यात राहून शिळ्याचा एवढा बाऊ? श्रावण वद्य षष्ठीला, रांधण छठला, आपल्या गल्लीत रात्री बारापर्यंत कुणाकडे तवा विझतो का? दुसऱ्या दिवशी शीतळा सातम, चूल पेटवायची नाही, तिची पूजा करायची आणि सगळ्यांनी आदल्या दिवशीचं थंड खायचं. आमच्या वाडीतली निम्मी मराठी घरंही करतात. मी लग्न होऊन आले तेव्हा सासरचं हे बघून चाटच पडले होते, माहेरी इंदूरला शीतला सप्तमी होळीनंतर असायची. पण तत्त्व तेच, एक दिवस रांधायचं, एक दिवस बसून खायचं.

आणि त्या दिवसाचा बेत नीट बघ. थेपले, बाजरीचे वडे, गोड पुऱ्या, सुक्या भाज्या. पाणी कमी, तेल जास्त. बायकांनी शेकडो वर्षांपूर्वी ठरवून ठेवलंय काय टिकतं ते. उन्हाळ्यात वर्षाचं धान्य आणि मसाले भरायचे, कुरडया-पापड वाळवायचे, हे वेगळं काय होतं? मला तर फ्रीजर म्हणजे उन्हाऐवजी थंडीत केलेलं वाळवण वाटतं.

दोन_फुलके

आठ हातांचं मान्य. बाकी विचार करते. गाईचं मात्र मागे घेत नाही.

पुण्यातून_रावपुरा

मी बडोद्याची, आता पुण्यात. आईबाबा रावपुऱ्यातच, दोघंही पंचाहत्तरीपुढचे. दर दोन महिन्यांनी जाते आणि तीन दिवसांत त्यांचा फ्रीजर भरून येते. मुलांच्या डब्यांइतकाच हा उपयोग मोठा आहे, म्हणून लिहितेय.

पहिली चूक मी केली ती मापाची. आमच्या घरच्या सवयीनं चार माणसांचे डबे भरले. दोघांना ते दोन दिवस पुरायचे, मग वितळलेलं परत फ्रीजरमध्ये, परत बाहेर. आता एका डब्यात दोन वाट्या, बस. आदल्या रात्री तो फ्रीजरमधून खालच्या फ्रिजमध्ये उतरवायचा, ओट्यावर वितळवायचा नाही, असं आईला फोनवर रोज रात्री नऊला सांगते. ती म्हणते, मला माहीत आहे, आणि मग उठून उतरवते.

दुसरी गंमत लेबलांची. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि आई दोन दिवस मावशीकडे होती. मी व्यवस्थित पट्ट्या लावल्या होत्या, "आमटी", "पुरण", तारखेसकट, पण पेन साधं. गारठ्यात शाई ओघळली. बाबांनी पिवळं दिसलं ते काढलं, गरम केलं, थोडं पाणी घातलं आणि वर हिंग, मोहरी, कढीपत्त्याची खमंग फोडणी दिली. पुरणाला. जेवल्यावर फोन केला, "आमटी छान होती, गूळ जरा सैल पडलाय तुझा."

तेव्हापासून रबर. एक रबर म्हणजे आमटी, दोन म्हणजे उसळ, तीन म्हणजे गोड. हाताला कळतं, चष्मा लागत नाही.

मुठियावाली

पुरणाला फोडणी!! बाबांना माझा नमस्कार सांगा.

पट्टीसाठी कागदी टेप आणि न पुसणारं मार्कर घ्या, आणि डबा गार व्हायच्या आधी चिकटवा. ओलसर झाल्यावर चिकटत नाही.

फतेहगंज_दुसरा_मजला

सगळं वाचलं, आता आमची कथा. २०२४ चा ऑगस्ट आठवतोय ना? सोमवारी २६ ला जन्माष्टमी, म्हणजे त्याच्या आधी शनिवारी रांधण छठ, रविवारी सातम. सणाच्या सुट्ट्या म्हणून मी तेव्हाच महिन्याचं सगळं उरकलं होतं. फ्रीजर इतका भरलेला की आइस्क्रीमला जागा नाही म्हणून मुलगी रुसलेली. आणि मग तो पाऊस. मंगळवारी विश्वामित्री नदी आमच्या रस्त्यावर होती, तळमजला पाण्यात, लाइट बंद. खालच्या तिन्ही घरांतली माणसं गाद्या डोक्यावर घेऊन आमच्या जिन्यात. पाण्यात मगरी असल्याचे व्हिडिओ फिरत होते, त्यामुळे खाली उतरायची कुणाची छाती नव्हती.

पहिला दिवस मी फ्रीजर उघडलाच नाही. सासऱ्यांनी त्यावर गोधड्या टाकल्या, हसले सगळे, पण उपयोग झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडलं तर मधल्या पिशव्या अजून कडक, दाराजवळच्या मऊ. गॅस चालू होता. मग काय, मोठं पातेलं चढवलं. मऊ झालेल्या उसळी, वरण, कांदा-टोमॅटो सगळं एकात. त्या पदार्थाला नाव नाही. वर शेवटची कोथिंबीर. जिन्यात ओळीनं बसून सतरा माणसं जेवली, थेपले हातात घेऊन. तळमजल्यावरच्या बा, ज्या आमच्याकडे कांदा-लसूण आहे म्हणून कधी पाणी प्यायल्या नव्हत्या, त्यांनी लसणाची उसळ बाजूला सारली, थेपले घेतले आणि माझ्या हातचं पाणी प्यायल्या.

तिसऱ्या दिवशी दाराजवळचं दूध आणि पनीर टाकून दिलं. वास आला नव्हता, पण घरात मुलं होती.

शीतपेटी

बरोबर केलंत, वासावर जायचंच नाही. बिघडवणारे जंतू वेगळे, आजारी पाडणारे वेगळे, दुसऱ्यांना वास नसतो.

भरलेला मोठा फ्रीजर न उघडता ठेवला तर सुमारे ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास तग धरतो. हे वेगळ्या डीप फ्रीजरचं गणित आहे. फ्रिजच्या वरच्या कप्प्याला याहून बराच कमी वेळ धरा. आत बर्फाचे खडे दिसत असतील तर परत गोठवायला हरकत नाही, चव थोडी उतरेल. पूर्ण वितळून कोमट झालं असेल तर नाही.

तुम्ही गावाला गेलात आणि मधे लाइट जाऊन आली तर कसं कळणार? वाटीत पाणी गोठवा, वर रुपयाचं नाणं ठेवा, वाटी फ्रीजरमध्येच राहू द्या. परत आल्यावर नाणं वर असेल तर ठीक. तळाला असेल तर सगळं वितळून पुन्हा गोठलंय, मोह न करता टाका.

हालोल_अपडाउन

नाणं ठेवलं. हिमालय उतरला, खाली २०२१ सालचं बटर सापडलं.

तुवेरदाणा

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. आता हंगामाचं विचारते, कारण खंडेराव मार्केटात तुवेरच्या, म्हणजे ओल्या तुरीच्या, शेंगांचे ढीग लागलेत. शेजारच्या बेन दरवर्षी पंधरा किलो सोलतात आणि कच्चेच दाणे पिशवीत भरतात. माझी बहीण म्हणते उकळत्या पाण्यातून काढ. कोण बरोबर?

मुठियावाली

दोन महिन्यांत संपवणार असशील तर बेन. वर्षभर लीलवा कचोरी करायची असेल तर बहीण.

किलोभर शेंगांचे जेमतेम अर्धा किलो दाणे निघतात, तेव्हा एवढी मेहनत वाया घालवू नको. मोठ्या पातेल्यात खळखळ उकळतं पाणी, त्यात थोडे थोडे दाणे, मटार असेल तर दीड-दोन मिनिटं, तुवेरला मी दोन मोजते. उचलून लगेच बर्फाच्या पाण्यात, तितकाच वेळ. मग सुती पंच्यावर पसरून अगदी कोरडे. इथेच सगळे घाई करतात आणि मग पिशवीत दगड तयार होतो. कोरडे दाणे थाळीत एक थर देऊन दोन तास गोठवायचे, कडकड वाजायला लागले की पिशवीत, हवा दाबून बाहेर. सोडा घालू नको, रंग हिरवा राहतो पण दाणा गिळगिळीत होतो.

शीतपेटी

अनुमोदन. कच्च्या दाण्यात विकरं (एन्झाइम) असतात, ती गोठल्यावरही सावकाश काम करत राहतात. म्हणून तीन-चार महिन्यांनी कच्च्या मटाराला गवतासारखा वास येतो. उकळत्या पाण्यात ती निकामी होतात. हवा दाबून काढायचं कारणही असंच आहे: कोरड्या थंडीत पृष्ठभागावरचा बर्फ थेट वाफ होऊन उडतो आणि दाण्यावर पांढरे, सुरकुतलेले डाग पडतात. खाल्लं तर अपाय नाही, पण चव पेंढ्याची.

आत्याबाई_वाडीवाल्या

हे सगळं शास्त्र माहीत नसताना मी तीस वर्षं केसर आंब्याचा रस भरतेय. साखर घातलेला रस दगड का होत नाही, चमच्यानं कसा निघतो, ते सांगा आता.

शीतपेटी

विरघळलेली साखर पाण्याला पूर्ण गोठू देत नाही. आत्याबाई, तुम्ही रसायनशास्त्रच करत होतात.

दोन_फुलके

परवा मुठियांचे चार उंडे गोठवले. फक्त नोंद म्हणून सांगतेय.

तुवेरदाणा

दीड महिन्यानं परत आले. ज्यांनी मदत केली त्यांना हिशेब द्यायला हवा.

आता रविवारी पाच तास उभी राहत नाही. शनिवारी रात्री कडधान्यं भिजतात, रविवारी दीड तास. एका वेळी दोनच पदार्थ, म्हणजे एकदा छोले आणि वाटण, एकदा वरण आणि मुठिया. फ्रीजरमध्ये एका दिवशी चार-पाच चपट्या पिशव्यांपेक्षा जास्त नाहीत, आणि नव्या पिशव्या जुन्यांना चिकटवून ठेवत नाही. पोळ्या अर्ध्या शेकून, दहाचा गठ्ठा. नवरा रात्रीच्या शिफ्टहून येतो तेव्हा स्वतः वरण वितळवून स्वतः फोडणी देतो. पहिल्या दिवशी मोहरी जळली, आता जळत नाही. बटाटा ताजाच उकडून घालते, धाकट्याचा विश्वास परत मिळवायला दोन आठवडे गेले.

तुवेर आठ किलो सोलली. सासूबाईंनी सोलली, खरं तर. पंच्यावर पसरवताना मी घाई करत होते तर मलाच ओरडल्या.

आणि आता मुख्य बातमी. काल मटाराची पिशवी शोधताना मागे एक छोटा स्टीलचा डबा लागला. माझा नव्हता. उघडला तर मोदकाचं सारण, ओलं खोबरं आणि गूळ, वेलची वरून दिसत होती. झाकणावर कागदी पट्टी, माझ्याच मार्करनं, सासूबाईंचं अक्षर: "पौष, संकष्टी". तारीख नाही. नुसतं "संकष्टी" लिहिलं असतं तर कुठली ते गणपतीलाच माहीत. भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवून मागे गेले तेव्हा बारा दिवस निघाले.

विचारलं, "आई, हे गणेशजयंतीच्या नैवेद्याला का?" तर म्हणाल्या, "देवाला ताजंच खवीन. हे तुम्हा लोकांचं. त्या दिवशी तुला सुट्टी थोडीच आहे."

शिळ्याबद्दल मी काही बोलले नाही. त्याही बोलल्या नाहीत. लेबलावर तिथी लिहिणारं आणखी कुणी आहे का इथे?

आत्याबाई_वाडीवाल्या

आहे की. माझ्या आमरसाच्या डब्यावर "अक्षय्य तृतीया" लिहिलंय. वर्ष लिहायला विसरले.